रक्त जातं कुठं?

कुत्र्याचं रक्त कमी झालंय असं कळलं की कोल्हापुरात पहिली आठवण होते ती मटणाच्या दुकानाची. काळीज आणा, पाया शिजवा, वजडी द्या. एखादा उत्साही शेजारी तर रक्तासाठी थेट रक्तीच सुचवतो. घरातली आज्जी बीट किसायला घेते, कुणी डाळिंब सोलतं, कुणी स्वतःच्या औषधांच्या डब्यातली लोहाची गोळी पुढं करतं. दवाखान्यातही सूर तोच असतो, ''ओ डॉक्टर, रक्त कमी हाय तर एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या की!''

यामागची माया खरी असते, पण या प्रकरणात ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे त्यात तिचा नेम चुकतो. या कुत्र्याच्या अंगात लोह भरपूर असतं. हाडांतला मगज बहुतेकदा जोमानं नवं रक्त तयार करत असतो. तयार झालेलं रक्त त्याचं स्वतःचंच शरीर मारून टाकत असतं. पशुवैद्यक याला 'आयएमएचए' म्हणतात, म्हणजे इम्यून मीडिएटेड हिमोलिटिक ॲनिमिया. कुत्र्याच्या रोगप्रतिकारशक्तीनं त्याच्याच तांबड्या पेशी फोडल्यामुळं होणारा हा रक्तक्षय. इथं रक्त वाढवण्याचा प्रश्न दुय्यम असतो. आधी ते फुटणं थांबवावं लागतं, आणि थांबेपर्यंत कुत्र्याला जगवावं लागतं. घरच्यांनी एवढं मनात पक्कं केलं की पुढचे चार-आठ महिने काय करायचं आणि काय टाळायचं, याची बरीचशी उत्तरं आपोआप मिळतात.

माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, कुत्र्याची ११० च्या आसपास. म्हातारी झालेली पेशी पाणथरीत आणि यकृतात पोचली की तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. तिच्यातलं लोह बाजूला काढून नव्या पेशीसाठी परत पाठवलं जातं, उरलेल्या रंगद्रव्याचं बिलिरुबिन होऊन ते पित्तावाटे बाहेर पडतं. निरोगी कुत्र्यात रोज जेमतेम एक टक्का पेशींची अशी बदली होते. आयएमएचएमध्ये मात्र तरुण, धडधाकट पेशींवरही प्रतिद्रव्यं येऊन चिकटतात. भक्षक पेशींना ही खूण पुरेशी असते. कधी त्या अख्खी पेशी गिळतात, कधी तिच्या आवरणाचा फक्त लचका तोडतात. लचका तुटलेली पेशी उरलेल्या आवरणात स्वतःला गोळा करून लहान, गच्च, गोल होते. कुत्र्याच्या निरोगी पेशीचा मध्यभाग फिकट दिसतो. या गोल झालेल्या पेशींत तो फिकटपणा नसतो. म्हणून जाणता पशुवैद्य काचपट्टीवरच आजार पकडू शकतो. मांजराची पेशी मुळातच लहान आणि एकसारखी दिसते, तिथं ही सोय नाही.

सगळं नुकसान पाणथरीत झालं तर एक वेळ परवडलं. काही कुत्र्यांत पेशी रक्तवाहिनीतच फुटतात आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं. मग दोन-तीन दिवसांत चित्र पालटतं. कालपर्यंत रंकाळ्यावर दोरी ओढत पळणारा लॅब्राडोर जिना चढताना मध्येच बसतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, डोळ्यांचा पांढरा भाग आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसते, लघवी काकवीच्या रंगाची होते.

लाल लघवी हा प्रकार कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही. म्हैस व्याल्यावर काही दिवसांनी अचानक लाल लघवी करू लागली तर गोठ्यातली जुनी माणसं ताबडतोब डॉक्टरला बोलावतात. तिच्या रक्तातला फॉस्फरस घसरलेला असतो आणि त्यामुळं तांबड्या पेशी फुटत असतात. संकरित गाईंना गोचिडांमुळं होणाऱ्या तापातही लघवी लाल होते. १९६३ साली स्थापन झालेल्या 'गोकुळ'सारख्या दूध संघामुळं या जिल्ह्याचं पशुवैद्यक गाई-म्हशींभोवतीच घडलं. कुत्र्या-मांजरांचे वेगळे दवाखाने त्या मानानं फार अलीकडचे. म्हशीला फॉस्फरस टोचला की ती सावरू शकते. कुत्र्याच्या या आजारात एका इंजेक्शनानं सुटण्यासारखं काही नाही, आणि गोठ्याचा अनुभव गाठीशी असलेल्या घरांना हेच पटायला जड जातं.

शरीर आपल्याच रक्तावर उठेल, ही कल्पना शास्त्रज्ञांनाही पटायला जडच गेली. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं १९०० च्या सुमारास बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचं रक्त टोचून पाहिलं. परक्या बकरीच्या पेशी फोडणारी प्रतिद्रव्यं तयार झाली, स्वतःच्या पेशी फोडणारी मात्र सापडली नाहीत. शरीराला आत्मघाताची उपजत धास्ती असते, असं त्यानं मानलं आणि त्या धास्तीला लॅटिनमध्ये 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असं भारदस्त नाव दिलं. १९०४ मध्येच डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडी लागताच लाल लघवी होणाऱ्या माणसांच्या रक्तात नेमकं असं आत्मघातकी प्रतिद्रव्य दाखवलं होतं. पण एर्लिखचा दबदबा मोठा होता. विषय पुढं सरकायला काही दशकं गेली.

तो पुढं सरकवणाऱ्यांत एक पशुवैद्य होता, हे पशुवैद्यांनी जरा मिरवायला हरकत नाही. रॉबिन कूम्ब्स एडिंबरात पशुवैद्यक शिकला आणि पुढं केंब्रिजमध्ये संशोधनाला लागला. पेशीला चिकटलेलं प्रतिद्रव्य नुसतं पाहून कळत नाही. मग त्या प्रतिद्रव्याला ओळखणारं दुसरं प्रतिद्रव्य घातलं तर? पेशी एकमेकींशी जोडल्या जातील आणि गुठळ्या दिसतील. ही युक्ती युद्धकाळात लंडनहून परतताना आगगाडीच्या मंद उजेडाच्या डब्यात सुचली, असं तो सांगत असे. १९४५ मध्ये त्यानं ती सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. 'कूम्ब्स टेस्ट' आजही माणसांत आणि कुत्र्यांत याच तत्त्वावर होते. मात्र कुत्र्यासाठी कुत्र्याचंच प्रतिद्रव्य ओळखणारं द्रावण लागतं. माणसांच्या लॅबमधलं द्रावण इथं चालत नाही, आणि तिथल्या अहवालावरून कुत्र्याला हा आजार नाही असं ठरवणं धोक्याचं ठरू शकतं. त्याआधीची एक साधी चाचणी कुठल्याही दवाखान्यात होते. काचपट्टीवर रक्ताच्या एका थेंबात सलाईनचे चार थेंब मिसळायचे आणि पेशी तरीही एकमेकींना घट्ट धरून राहतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं.

१९४५ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. दहा वर्षांपूर्वी अल्जीरियातल्या कुत्र्यांत सापडलेल्या एका गोचीडजन्य जंतूला एर्लिखच्या सन्मानार्थ 'एर्लिकिया' हे नाव मिळालं. शरीर स्वतःवर उलटत नाही म्हणणाऱ्याचं नाव ज्या जंतूला दिलं, तो कुत्र्यांत प्लेटलेट घसरवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि त्या घसरणीत शरीराच्या स्वतःविरुद्धच्या प्रतिद्रव्यांचाही हात असतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री त्याच्यापायी गेली. आपल्याकडच्या आयएमएचएच्या दृष्टीनं याहून महत्त्वाचा जंतू म्हणजे 'बबेसिया गिब्सोनी'. त्याचं पहिलं वर्णन भारतातलंच आहे. डब्ल्यू. एस. पॅटन यानं १९१० मध्ये मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात तो पाहिला आणि नंतर कोल्ह्याच्या रक्तातही त्याला तो सापडला. हा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो. त्यामुळं पेशी फुटतात, शिवाय शरीर बिथरून आपल्या निरोगी पेशींवरही प्रतिद्रव्यं सोडू लागतं. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत कारण न सापडणारा आयएमएचए मोठी जागा व्यापतो. कोल्हापुरातल्या डॉक्टरनं मात्र आधी गोचीड शोधायचा असतो.

याला कारण आहे. उपचाराचं मुख्य औषध स्टेरॉईड, आणि ते प्रतिकारशक्ती दाबतं. रक्तात बबेसिया लपलेला असताना फक्त स्टेरॉईड सुरू केलं तर कुत्रा दोन दिवस टवटवीत दिसतो आणि परजीवी मोकाट सुटतो. उलट, आजार खरोखर आत्मघातकी असेल आणि नुसती गोचीडतापाची औषधं देत बसलं तर हातचे मोलाचे दिवस जातात. म्हणून स्टेरॉईड सुरू होण्यापूर्वी रक्ताचे नमुने काढून ठेवणं फार कामाचं असतं. अहवाल यायला वेळ लागणार असेल तर अनेक डॉक्टर एर्लिकियासारख्या जंतूंवरचं डॉक्सीसायक्लिन आधीच सुरू करतात. ''रिपोर्ट येण्याआधीच दोन-दोन औषधं कशाला?'' या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

कोल्हापुरात आणखी दोन नकली चेहरे ओळखावे लागतात. पहिला लेप्टोस्पायरोसिस. पंचगंगेला २०१९ आणि २०२१ मध्ये आलेले महापूर इथल्या लोकांना सांगायला नकोत. उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात आलेला हा जंतू कुत्र्याला कावीळ करतो, लघवी गडद करतो, आणि माणसालाही होतो. कावीळ झालेल्या कुत्र्याची लघवी पुसताना लेप्टो नाही असं कळेपर्यंत हातमोजे घालायला हवेत.

दुसरा चेहरा थेट स्वयंपाकघरातला. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना मारक आहेत. त्यांतल्या गंधकयुक्त घटकांमुळं पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडतं, पेशीच्या कडेला त्याच्या गाठी दिसू लागतात आणि मग पेशी फुटते. इथं प्रतिद्रव्यांचा संबंध नसतो, तरी वरून दिसणारं चित्र तेच: पांढऱ्या हिरड्या, गडद लघवी. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तात बदल दिसतात, आणि परिणाम दिसायला काही दिवस लागत असल्यानं रविवारच्या जेवणाचा संबंध बुधवारच्या लघवीशी कुणी जोडत नाही. शिजवल्यानं कांद्याचा हा दोष जात नाही. वाळवलेल्या कांद्यात तर तो एकवटतो. आता आपली कांदा-लसूण चटणी, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आठवा. रस्सा-भात खाऊन वाढलेली कुत्री गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतली बहुतेक ठणठणीत असतात, हेही खरं. पण ज्याच्या पेशी आधीच रोज फुटताहेत त्याच्या पातेल्यात एक पळीही पडता कामा नये. आणि डॉक्टरनं ''कांदा खाल्ला होता का?'' विचारलं तर लाजून ''नाही'' म्हणू नये.

जाता जाता मुधोळबद्दल. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ इथून फार लांब नाही, आणि तिथल्या शिडशिडीत शिकारी कुत्र्यांचं वेड या भागात जुनं आहे. २००५ मध्ये टपाल खात्यानं या जातीचं तिकीटही काढलं. ग्रेहाऊंडसारख्या धावण्यासाठी घडलेल्या कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त असतं. रक्तात पेशींचा वाटा किती, हे सांगणारा पीसीव्ही साधारण कुत्र्यात ३७ ते ५५ टक्के धरतात. ग्रेहाऊंडमध्ये तो साठीच्या घरातही असतो. अशा कुत्र्याचा चाळीस आकडा कागदावर निरोगी दिसेल, पण त्याच्यासाठी ती मोठी घट असू शकते. अशा जातीच्या कुत्र्याचं रक्त तो धडधाकट असताना एकदा तपासून आकडा फाईलमध्ये ठेवला तर पुढं तुलनेला काहीतरी हाताशी राहतं.

निदान झाल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात वाईट. निरनिराळ्या अभ्यासांत या आजारानं दगावणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण ३० ते ७० टक्के आढळलं आहे, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू याच काळातले असतात. हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत. कुठल्या दिवसांत सुट्टी काढायची, पैसे कुठं खर्च करायचे आणि गावाला जाणं कधी रद्द करायचं, ते यावरून ठरवता येतं. स्टेरॉईडचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, मगजालाही नव्या पेशी पुरेशा संख्येनं बाहेर सोडायला तीन ते पाच दिवस हवे असतात. मधल्या काळात पीसीव्ही बारा-पंधरावर आला आणि कुत्रा धापा टाकू लागला तर बाहेरून रक्त द्यावं लागतं.

जगातलं पहिलं यशस्वी रक्तसंक्रमण कुत्र्याकडूनच कुत्र्याला झालं होतं, १६६५ मध्ये ऑक्सफर्डला, रिचर्ड लोअरच्या हातून. आज भारतात जनावरांची रक्तपेढी म्हटलं की चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं नाव येतं. कोल्हापुरात बसून त्याचा तातडीनं उपयोग नाही. इथं रक्तदाता म्हणजे ओळखीतला कुत्रा: २५ किलोच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, लसीकरण झालेला, गोचीडजन्य आजारांच्या तपासणीत स्वच्छ निघालेला आणि मान धरली तर शांत उभा राहणारा. ही शेवटची अट सगळ्यात अवघड. मानेतल्या शिरेतून साधारण ४५० मिलिलिटरची पिशवी भरेपर्यंत त्याला दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ राहावं लागतं. कुत्र्यांमध्ये रक्तगट डझनाहून अधिक आहेत, त्यांतला 'डीईए १' सगळ्यात महत्त्वाचा. पण त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं माणसातल्यासारखी जन्मजात तयार नसतात. त्यामुळं पहिल्या वेळी, अगदी नाइलाज असेल तर, गट न जुळवताही रक्त देता येतं. दुसऱ्यांदा मात्र जुळवणी केल्याशिवाय नाही. माणसाचं रक्त कुत्र्याला चालत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण विचारणारे असतात.

दिलेलं रक्तही शरीर फोडणारच, मग उपयोग काय, असा प्रश्न येतो. प्रश्न बरोबर आहे. ते रक्त आजार बरा करत नाही, स्टेरॉईडला काम करायला वेळ मिळवून देतं.

कुत्रा अस्थिर असेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात, पुण्यात किंवा मुंबईत न्यावं का, हा पेच पहिल्याच दिवशी उभा राहतो. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे, महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. सोयी तिकडं जास्त आहेत, यात वाद नाही. पण पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, मुंबई त्याहून लांब. पीसीव्ही बारा असताना, धापा टाकणाऱ्या कुत्र्याला गाडीच्या मागच्या सीटवर घालून निघणं हा स्वतंत्र धोका आहे. माझं मत विचाराल तर आधी इथंच रक्त मिळवावं, आकडा जरा वर आणावा, डॉक्टरांनी तिकडच्या डॉक्टरांशी फोनवर बोलावं, मग गाडी काढावी.

या काळात मृत्यूचं मोठं कारण, ऐकायला विचित्र वाटेल, रक्त गोठणं हे असतं. पेशी फुटत असताना रक्त गुठळ्या करायला उतावीळ होतं. एखादी गुठळी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली की सकाळी शेपूट हलवणारा कुत्रा दुपारी श्वासासाठी तडफडतो. म्हणून क्लोपिडोग्रेलसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. घरातल्या आजोबांना हृदयासाठी चालू असते तीच गोळी, म्हणून आजोबांच्या पाकिटातली अर्धी मोडून देण्याचा मोह होतो. मात्रा कुत्र्याच्या वजनावर आणि प्लेटलेटच्या आकड्यावर ठरते. कारण काही कुत्र्यांत हा आजार तांबड्या पेशींसोबत प्लेटलेटवरही उठतो. तेव्हा पोटावर, हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात आणि प्रश्न नेमका उलटा, रक्त न थांबण्याचा, होतो. वेदनाशामकांचं तर नावच नको. आयब्युप्रोफेनसारखी गोळी स्टेरॉईडसोबत पोटात गेली तर आतड्या-जठरात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो.

दवाखान्यातून घरी आल्यावर खरी परीक्षा घराची. प्रेडनिसोलोन सुरुवातीला दर किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅमपर्यंत देतात, मोठ्या कुत्र्यांत एकूण मात्रेला वरची मर्यादा ठेवून. या मात्रेवर कुत्रा बदलतो. तो घटाघटा पाणी पितो, रात्री दोन-तीनदा उठवतो, गालिच्यावर लघवी करतो, कचऱ्याचा डबा उलटा करतो, भाकरीच्या टोपलीसमोरून हलत नाही. पंधरा दिवसांपूर्वी न खाणारा जीव खातोय म्हणून घर आनंदात असतं आणि दिसेल ते देत सुटतं. ही भूक औषधाची आहे. तिच्या नादानं तेलकट मटण, चरबी, हाडं दिली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि त्या दुखण्यात गोळ्या उलटून पडतात. कच्चं मांस तर अजिबात नको, दाबलेल्या प्रतिकारशक्तीला त्यातले जंतू झेपत नाहीत. उकडलेलं कोंबडीचं मांस, भात, पचत असेल तर थोडं दही, किंवा नेहमीचं तयार खाद्य, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. काळीज हवंच असेल तर शिजवून, बोटभर, लाड म्हणून. औषध म्हणून नव्हे.

पाणी मात्र कधीही तोडू नये. रात्री फरशी ओली होते म्हणून संध्याकाळी पातेलं उचलून ठेवणारी घरं आहेत. त्यानं कुत्र्याचं अंग सुकतं आणि रक्त गोठण्याच्या आधीच असलेल्या धोक्यात भर पडते. त्यापेक्षा झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा खाली न्यावं, अंथरुणावर जुनी चादर टाकावी आणि रागावू नये. त्याला स्वतःलाही ते आवरत नाही.

एकत्र कुटुंबात गोळ्यांचा घोळ हमखास होतो. सकाळी वहिनी गोळी देते, दुकानावर जाण्याआधी दादा पुन्हा देतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही समजतात की दुसऱ्यानं दिली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दिली की लगेच खूण करायची, एवढी साधी व्यवस्था पुरते. गोळ्या अन्नासोबतच द्याव्यात. स्टेरॉईडच्या जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट चालू असेल तर गोळी मोडायची नाही, हातमोजे घालायचे, आणि घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्यानं करायचं.

त्याच कॅलेंडरवर रोज आणखी चार गोष्टी लिहाव्यात. हिरडीचा रंग, दिवसाच्या उजेडात पाहिलेला. ट्यूबलाईटखाली सगळंच फिकट दिसतं. ज्यांच्या हिरड्या काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून आत बघावं. लघवीचा रंग. शौचाचा रंग, कारण डांबरासारखं काळं शौच म्हणजे आत कुठंतरी रक्त जातंय. आणि झोपेतला श्वास. स्टेरॉईडवरची कुत्री जागेपणी उगाचच धापा टाकतात, त्यामुळं गाढ झोपेत मोजायचा. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. वर गेला आणि तसाच राहिला तर फोन करायचा, आणि एकाएकी श्वास लागला तर फोनमध्ये वेळ न घालवता निघायचं. व्हॉट्सॲपवर डॉक्टरला पाठवलेल्या धूसर फोटोपेक्षा या ओळी जास्त उपयोगी पडतात.

तीन-चार आठवड्यांनी पीसीव्ही पस्तिशीला टेकतो आणि मग सगळ्यात मोठा धोका सुरू होतो. कुत्रा बरा दिसतो. स्टेरॉईडनं पोट सुटलेलं असतं, मांड्या बारीक झालेल्या असतात, केस विरळ, आणि कुणीतरी म्हणतं, ''बरा झालाय की. किती दिवस हे गरम औषध घालायचं?'' आणि गोळ्या बंद होतात. यातून दोन संकटं येतात. एक, आत दबलेला हल्ला पुन्हा उसळतो. दुसरं, बाहेरून आठवडेच्या आठवडे स्टेरॉईड मिळाल्यानं मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथींनी स्वतःचं काम थांबवलेलं असतं. एका दिवसात बाहेरचा पुरवठा तुटला तर अंगात काहीच उरत नाही. उलट्या, अशक्तपणा, कोसळणं. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवतात. साधारण दर तीन आठवड्यांनी, पीसीव्ही स्थिर असल्याची खात्री करून, पाव हिस्सा कमी. असा हिशेब मांडला की चार ते आठ महिने सहज होतात. सण, लग्नं, दहावीच्या परीक्षा, सगळं या काळात येऊन जातं.

दुष्परिणाम सोसवत नसतील तर स्टेरॉईड लवकर उतरवता यावं म्हणून जोडीला दुसरं औषध देतात. त्यांतलं अझाथायोप्रिन कुत्र्यांना परत मिळालेलं औषध आहे. गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून ते आलं, आणि १९६० च्या सुमारास रॉय काल्न या शल्यविशारदानं मूत्रपिंड बदललेल्या कुत्र्यांवर ते वापरलं. लॉलीपॉप नावाची एक कुत्री परक्या मूत्रपिंडावर सहा महिन्यांहून अधिक जगली. त्या कुत्र्यांच्या जिवावर माणसांमधलं अवयवरोपण उभं राहिलं. एलियन आणि हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. हे औषध यकृताला त्रास देऊ शकतं, त्यामुळं सुरुवातीच्या आठवड्यांत यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या टाळून चालत नाही. खर्चाची कात्री लावायची झालीच तर इथं लावू नये. प्रेडनिसोलोनची पट्टी स्वस्तच असते. महाग असतं ते रुग्णालयातलं वास्तव्य, रक्त आणि वारंवारच्या चाचण्या. तेव्हा पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सरळ विचारावं की कोणती चाचणी टाळली तर चालेल आणि कोणती नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नानं दुखावत नाही.

सगळं नीट करूनही काही कुत्री जातात. दोनदा-तीनदा रक्त देऊनही आकडा कोसळत राहिला, श्वास लागला, आणि डॉक्टरांनीच झोपवण्याचा विषय काढला, तर त्यात घराची कसूर शोधू नये. या आजाराची काही प्रकरणं अशी असतात, जी कोणत्याही शहरात, कोणत्याही रुग्णालयात हाताबाहेरच जातात.

वाचलेल्यांपैकी दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांत आजार पुन्हा डोकं वर काढतो. गोळ्या संपल्यावरही पहिलं वर्षभर अधूनमधून पीसीव्ही पाहावा, आणि हिरडीकडे नजर टाकायची सवय तर सोडूच नये. उपचार चालू असताना लसी डॉक्टरांना विचारूनच. रेबीजची लस आपल्याकडं कायमची टाळण्यासारखी नाही, ती कधी द्यायची एवढाच प्रश्न असतो. गोचिडांचा बंदोबस्त बारा महिने. कुत्र्याला गोळी किंवा मानेवरचं औषध आणि घरात भिंतींच्या भेगा, दाराच्या चौकटी, खाटेचे सांधे. तपकिरी गोचीड तिथंच लपून हजारोंनी अंडी घालतो. नुसतं कुत्र्याला आंघोळ घालून तो हटत नाही.

बरा झालेला कुत्रा स्वतः रक्तदाता होऊ शकत नाही. ज्याला हा आजार झाला किंवा ज्यानं रक्त घेतलं, त्याचं रक्त दुसऱ्याला देत नाहीत. पण रात्री अकरा वाजता ताराबाई पार्कापासून कसबा बावड्यापर्यंत फोन करून ज्यांनी दाता शोधलाय, त्यांच्या फोनमध्ये आता मोठ्या, शांत, लसीकरण झालेल्या कुत्र्यांच्या मालकांचे दहा-बारा नंबर असतात. ते नंबर आपल्या डॉक्टरकडं लिहून द्यावेत, मालकांना विचारून. आणि घरात दुसरा धट्टाकट्टा कुत्रा असेल तर त्याचा रक्तगट आणि गोचीडजन्य आजारांची तपासणी याच खेपेला उरकून घ्यावी.